चारमिनारचा रुपया केवढ्याला?

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड इथल्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजूनही एखादा चारमिनारचा रुपया निघतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि बाजारात चालायचा तो हाली शिक्का. इंग्रजांच्या रुपयाला लोक कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार, ही ढोबळ हुंडणावळ. राज्याच्या हद्दीबाहेर माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला हा बट्टा पाठच असावा लागे. पुढे १९५०च्या दशकात हाली चलनातून गेला. मोडीत गेलेला गेला, उरलेला पेटीत राहिला.

आता तोच रुपया मोबाइलवरच्या लिलावात दिसतो. एक विक्रेता बाराशेपासून बोली सुरू करतो, तर दुसरा तशाच नाण्याचे पंचवीस हजार मागतो आणि पुढे 'अतिदुर्मिळ' लिहून मोकळा होतो. घ्यायचं असो की घरातलं विकायचं असो, खरा भाव कोणता हे आपलं आपल्याला काढता आलं पाहिजे. ते अवघड नाही. मात्र क्रम चुकवायचा नाही.

आधी मोडीचा भाव. हाली रुपयाचं वजन ११.१७८ ग्रॅम आणि त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम शुद्ध चांदी. सोप्या हिशोबासाठी चांदी किलोला एक लाख धरली, तर नाण्यात ९१४ रुपयांची चांदी झाली. ज्या दिवशी बोली लावणार त्या दिवशीचा सराफ्याचा भाव घेऊन हाच गुणाकार करायचा. पण हिजरी १३६१ पासूनच्या, म्हणजे १९४२च्या सुमारापासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. वजन जवळपास तेवढंच, चारमिनारही तोच, पण चांदी साडेपाच ग्रॅमच्या आसपास. कलदाराचंही तसंच. ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयात चांदी ९१.७ टक्के, १९४०पासूनच्या चांदीच्या रुपयात ५० टक्के. म्हणून साल वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

साल वाचण्यातच पुष्कळांची फसगत होते. नाण्यावर उर्दू आकड्यांत १३२९ असं काही असतं. ते हिजरी साल आहे. त्याला ०.९७ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन मिळतो, १३२९ म्हणजे १९११. हा आकडा इसवी सन समजून कुणी नाणं सातशे वर्षांपूर्वीचं म्हणून विकायला काढलं, तर त्याला एवढंच विचारावं की सातशे वर्षांपूर्वी चारमिनार कुठं होता? तो १५९१चा. आपल्याकडे जुन्या सातबाऱ्यांवर आणि खरेदीखतांवर फसली साल असतं, तेही इथं लावू नये. फसलीत ५९० मिळवायचे असतात, हिजरीचा हिशोब वेगळा.

आता चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा. तिथं एक बारीक अक्षर आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या नाण्यावर 'मीम', सातवे उस्मान अली खान यांच्या नाण्यावर 'ऐन', म्हणजे त्या त्या नावाचं पहिलं अक्षर. उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या रुपयांवर हा ऐन अपुरा, आखूड आहे, नंतरच्यांवर पुरा. आखूड ऐनाचे रुपये थोडाच काळ निघाले, म्हणून संग्राहक त्याला जास्त मोजतात. पुऱ्या ऐनाचा रुपया वर्षानुवर्षं पडत राहिला. एका कमानीतल्या अक्षरानं भाव बदलतो, आणि विक्रेत्यानं नेमकी ती कमान धूसर दिसेल असा फोटो टाकला असेल, तर दुसरा फोटो मागितल्याशिवाय बोली लावू नये.

जुनं म्हणजे महाग, हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. भाव वयावर ठरत नाही. किती नाणी शिल्लक आहेत आणि ती घ्यायला किती जण उभे आहेत यावर ठरतो. गोष्टीनंही तो ठरत नाही. १९११च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि ते रुपये परत घेतले गेले. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यातले सातेक लाख बाहेर पडले होते. गोष्ट घरोघर माहीत, म्हणून मागणी बरी आहे. पण लाखांनी बाहेर गेलेलं नाणं 'जगात दोनच' कसं असेल? उलट १९३९चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया खरोखर दुर्मिळ. त्याच्यामागे अशी गोष्ट नाही, म्हणून सामान्य माणसाला तो ठाऊक नाही. ठगांना ठाऊक आहे. १९३८च्या रुपयातला आठ कोरून त्याचा नऊ करतात. हे साल दिसलं की शेवटचा आकडा भिंगाखाली बाकीच्या आकड्यांशी ताडून पाहावा.

मग नाण्याची अवस्था, आणि इथं दिवाळीचा संबंध येतो. पूजेआधी चिंच, पितांबरी, राख लावून नाणी लख्ख घासायची आपली रीत आहे. भक्तीला ती शोभते, पण संग्राहकाच्या लेखी तो रुपया तिथंच पडतो. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली काळसर झिलई हा नाणं न घासल्याचा दाखला. घासलेल्या नाण्यावर भिंगातून एकाच दिशेला गेलेले बारीक ओरखडे दिसतात आणि अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात. फोटोत आरशासारखा चमकणारा शंभर वर्षांचा रुपया दिसला, तर तो बहुधा घासलेला आहे. आपल्या भागात रुपयांच्या माळा करून घालायची रीत होती, त्यामुळे कडेला कडी जोडल्याचा डाग किंवा पाडलेलं भोकही नेहमी आढळतं. अशा नाण्याला मोडीपेक्षा फार वर जाऊ नये. ज्यांच्या घरी अजून न घासलेलं नाणं आहे त्यांना हात जोडून सांगतो, यंदा ते नुसतं कोरड्या मऊ कापडानं पुसून ताटात ठेवा.

अस्सल की बनावट, याची एक परीक्षा घरी होते. सराफी वजनकाट्यावर पाण्यानं अर्धा भरलेला पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, मात्र ते तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. जुन्या हाली रुपयाला काटा १.१ ग्रॅमच्या जवळपास दाखवतो. वजन बरोबर ११.१८ पण काटा १.२५च्या आसपास किंवा पुढे गेला, तर ती चांदी नव्हे, जर्मन सिल्व्हर किंवा तांब्यावर चढवलेला मुलामा असतो. ऑनलाइन घेताना ही परीक्षा आधी करता येत नाही, म्हणून नाणं परत घेण्याची लेखी हमी नसेल तिथं बोलीच लावू नये.

इतकं झाल्यावर भाव बघायचा. मागितलेला भाव हा भाव नव्हे. कुणीही काहीही मागू शकतो. ईबेवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' वेगळ्या पाहता येतात. मुंबईचे टोडीवाला आणि ओसवाल, बंगळुरूचे मरुधर आर्ट्स, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी या लिलावगृहांच्या जुन्या लिलावांचे निकाल पाहायला मिळतात. तेच साल, तेच अक्षर, तीच अवस्था असलेली निदान चार-पाच विकलेली नाणी शोधावीत आणि सर्वांत चढी बोली बाजूला ठेवून मधला आकडा धरावा. दोन हट्टी माणसं एकमेकांना भिडली की एखाद्या दिवशी भाव उगाच फुगतो, तो पुढच्या लिलावात टिकत नाही. शिवाय बोली म्हणजे शेवटचा खर्च नाही. लिलावगृह खरेदीदाराकडून कमिशन घेतं. ते २० टक्के असेल, तर दोन हजारांची बोली चोवीसशेला पडते, वर कर आणि टपाल. आपला आकडा या सगळ्यासकट आधी कागदावर लिहावा आणि शेवटच्या मिनिटाच्या चढाओढीत तो ओलांडू नये.

काही गोष्टींना मात्र हिशोबच लागू नाही. हनुमान किंवा रामदरबार असलेलं, '१८१८ ईस्ट इंडिया कंपनी' लिहिलेलं नाणं चलनात कधीच नव्हतं. तांदूळ ओढणारं नाणं ही तर निव्वळ लूट. २०१२च्या वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात म्हणून कुणी आधी नोंदणी शुल्क मागितलं, तर फोन ठेवून द्यावा. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि असलं शुल्क वा कमिशनही घेत नाही.

आणखी एक. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकानं घरच्या १३२९च्या रुपयाला कितीही बोली लावली, तरी ती आपल्या उपयोगाची नाही. जमिनीत सापडलेल्या नाण्यांचा नियम वेगळा. गोदाकाठी नांगराला नाण्यांचं मडकं लागलं, तर ते फोडून एकेक नाणं लिलावात टाकणं बेकायदा आहे, आणि इतिहासाचं नुकसान त्याहून मोठं, कारण कोणती नाणी एकत्र पुरली होती यावरूनच अभ्यासकाला त्यांचा काळ लावता येतो. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कुणी मालक पुढं आला नाही आणि सापडवणाऱ्यात व जमीनमालकात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारनं ठेवा स्वतःकडे घ्यायचा ठरवला, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो.