सीमेवर फराळ पाठवताना

• पत्ता : सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) आणि ९ने सुरू होणारा पिनकोड. ठाण्याचं नाव लिहू नका. ते गुप्त असतं.

• वाट : ५६ एपीओचं टपाल दिल्लीहून, ९९चं कोलकात्याहून पुढे जातं. १९७२पासून लष्कराचं स्वतंत्र टपाल दल ही सेवा सांभाळतं.

• डबा : शंकरपाळी, शेव, चिवडा टिकतात; ओल्या नारळाच्या करंज्या वाटेतच आंबतात. चकल्यांच्या फटींत कागदाचे बोळे घट्ट भरा. पार्सल दिवाळीच्या महिनाभर आधी टाका.

• नको : फटाके, काडेपेटी, अत्तर.

• हवीच : हातानं लिहिलेली चिठ्ठी. फराळ अख्ख्या बराकीत वाटला जातो. चिठ्ठी मात्र त्या सैनिकाची एकट्याची असते.