सहा पावलें आणि आठ मात्रा

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत १९७३ च्या सुमारास कूल हर्क हा तबकड्या वाजविणारा तरुण गाण्यांतील केवळ तालाचा तुकडा लांबवूं लागला. त्या तुकड्यावरच ‘ब्रेकिंग’ हें रस्त्यावरचें नृत्य वाढलें. त्याचा पाया म्हणजे ‘सिक्स-स्टेप’. हात जमिनीवर टेकावयाचे आणि सहा पावलांत पायांनीं एक पूर्ण फेरा घालावयाचा. अडचण पुढेंच आहे. नर्तक मोजतो आठ मात्रा. मात्रेगणिक एक पाऊल टाकल्यास दुसरा फेरा सातव्या मात्रेवरच सुरू होतो आणि नवशिका गोंधळतो. चार फेरे झाले, चोवीस मात्रा भरल्या, कीं मेळ पुन्हां बसतो. तबलजीला हा हिशेब मुळींच नवा नाहीं! उतावळे विद्यार्थी मात्र तो टाळून कसरतींकडे धांवतात. पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकमध्यें परीक्षकांनीं संगीताशीं असलेला मेळ स्वतंत्रपणें जोखला.