गिरणीत आलं पुस्तकांचं बिऱ्हाड

गिरणी बंद पडली की घरात काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. १९८२ च्या संपानंतर मुंबईतले कितीतरी गिरणी कामगार गावी परतले. आज ऐकूया अमेरिकेतल्या एका बंद कारखान्याचं पुढं काय झालं ते.

मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थ ॲडम्स हे छोटं शहर आहे. तिथं नदीकाठी अर्नोल्ड प्रिंट वर्क्स हा कापडछपाईचा मोठा कारखाना होता. या कारखान्यानं कापडावर मांजराचं चित्रही छापलं. बायका ते कापून, शिवून, आत भरण घालून मुलांसाठी खेळणं करत. १९४२ मध्ये कारखाना तिथून गेला. मग विजेचे सुटे भाग बनवणारी स्प्रेग कंपनी आली. १९८५ मध्ये तिनंही तिथलं काम बंद केलं आणि अनेकांचा रोजगार बुडाला.

इमारती मात्र पाडल्या नाहीत. दुरुस्ती करून १९९९ मध्ये तिथं मास मोका हे कलासंग्रहालय उघडलं. उरलेली जागा भाड्यानं दिली, म्हणजे संग्रहालयालाही उत्पन्न झालं. शेजारच्या व्हरमाँट राज्यातली स्टोरी पब्लिशिंग ही छोटी प्रकाशन संस्था इथं राहायला आली. तिची पुस्तकं कोंबडीपालन, शेळ्या, परसबाग, लोणची-मुरंबे अशा विषयांवरची, म्हणजे आपल्याच कामाची!

प्रकाशनाला गिरणी का सोयीची? मोठ्या खिडक्यांमधून भरपूर उजेड येतो. जमीन यंत्रांचं वजन पेलेल अशी भक्कम असते, मग कागदाच्या गठ्ठ्यांचं काय! आणि एकाच आवारात बरेच भाडेकरू असले की येणंजाणं वाढतं. पण एक खरं, प्रकाशनात माणसं थोडीच लागतात. कारखान्यातले हजारो रोजगार त्यानं भरून निघत नाहीत.

आपल्या गावातही जुनं गोदाम किंवा बंद शाळाखोली पडून असेल. गटाच्या कामासाठी ती घ्यायची तर आधी चार गोष्टी विचारा. जागा कोणाच्या नावावर आहे? करार लेखी आणि किती वर्षांचा? छप्पर गळलं तर खर्च कोणाचा? विजेचा मीटर वेगळा आहे का? पापड-मसाल्याचं काम असेल तर पावसाळ्यात भिंतींना ओल येते का, तेही पाहा. उत्तरं गटाच्या वहीत लिहा, मगच अनामत रक्कम द्या.