चंद्राची तोफ, परळीचे पाणी

ज्यूल व्हर्नने १८६५ साली चंद्राकडे माणसे धाडली ती तोफेच्या गोळ्यात बसवून. हिशेब साफ चुकला होता. तोफ सुटताक्षणी आतल्या तिघांचा चेंदामेंदा झाला असता. तरी १०४ वर्षांनी तिघे अंतराळवीर त्याच फ्लोरिडातून निघाले आणि परतताना प्रशांत महासागरात उतरले, तेव्हा व्हर्नच्या द्रष्टेपणाचे गोडवे गायले गेले. मला त्यात फारसा रस नाही. खरे ठरलेले भाकीत दुसऱ्या दिवशी शिळे होते. शिळे झाले नाही ते त्या कादंबरीतले बाल्टिमोरचे मंडळ. यादवी युद्ध संपल्याने तोफवाले बेकार झालेत, हात शिवशिवताहेत, मारायला कोणी उरले नाही, म्हणून नेम चंद्रावर! अशी माणसे आजही भेटतात.

मराठीत व्हर्न आला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, ‘केरळ कोकिळ’ मासिकातून. पुढे भा. रा. भागवतांनी त्याला मराठी मुलांच्या दप्तरात नेऊन बसवला. नारायण धारपांनी भुताखेतांतून सवड काढून ‘गोग्रमचा चितार’ लिहिला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकरांनी आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते, नावाच्या वलयाने परीक्षक दिपू नयेत म्हणून.

गेल्या वर्षी, २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांची पात्रे अधूनमधून व्याख्यान देतात हे खरे, पण ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचताना ते आठवत नाही. प्राध्यापक मुंबईला निघतात आणि पोहोचतात ते मराठे पानिपत जिंकलेल्या हिंदुस्थानात, कारण तिथे विश्वासरावांना लागायची गोळी चाटून गेलेली असते. पानिपत ही मराठी मनाची जुनी खपली. ती काढायला त्यांनी पुंजभौतिकी वापरली. परदेशी कल्पनेला मराठी नावे चिकटवून असे साधत नाही. ‘वामन परत न आला’ ही कादंबरी १९८६ची. जमिनीखाली गाडलेल्या ज्ञानातून घडवलेले यंत्र माणसाला डोईजड होऊ पाहते, ही गोष्ट आज नव्याने वाचावी.

इथवरचा आढावा पुण्या-मुंबईतूनही लिहिता आला असता. परळी वैजनाथला बसून विज्ञान कादंबऱ्या चाळल्या, की त्यांची चव बदलते. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ १९६५ची. तिच्यातल्या साम्राज्याचा सारा प्रवास ज्या मसाल्यावर चालतो, तो एकाच निर्जळ ग्रहावर सापडतो, आणि तिथली माणसे अंगातल्या घामाचा थेंबही अंगरख्यात साठवून पुन्हा पितात. हे परळीकराला समजावून सांगावे लागत नाही. इथल्या ‘थर्मल’ने १९७१पासून महाराष्ट्राला वीज दिली आणि २०१५च्या दुष्काळात पाण्यावाचून तिचे संच थांबले. पुढच्याच उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. वीज राज्याला, राख गावाला. हर्बर्टने याहून वेगळे काय लिहिले?

एच. जी. वेल्सच्या ‘टाइम मशीन’मध्ये, म्हणजे १८९५ साली, माणसाच्या दोन जाती झालेल्या दिसतात. उन्हात बागडणारे वर, राबणारे जमिनीखाली. हा दिवाळी अंक हाती येतो त्याच सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाच्या वहीत माणसे नसतात, कोयते असतात. खाडा परवडत नाही म्हणून बायका पिशवी काढून घेतात, हे २०१९मध्ये चव्हाट्यावर आले आणि सरकारी पाहणीत अशा १३ हजारांहून अधिक स्त्रिया निघाल्या. जगात कुठेतरी घडून गेलेलेच मी घातले, असे मार्गारेट अ‍ॅटवुड ‘हँडमेड्स टेल’बद्दल सांगत आल्या आहेत. त्यांच्या कल्पनेलाही बीडने मागे टाकले आहे. जुन्या विज्ञान कादंबऱ्या मरत नाहीत त्या यामुळे. यंत्र कोणते, हे त्यांत दुय्यम असते. त्या यंत्राखाली कोण येतो, हे त्या विसरू देत नाहीत.

मराठीत अशी कादंबरी तुरळकच. अरुण साधूंची ‘विप्लवा’, भोपाळच्या वायुकांडावरची सुबोध जावडेकरांची ‘आकांत’ ही ठळक नावे. निरंजन घाटे, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांनी विज्ञानकथा खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांपर्यंत पोहोचवली, पण मुख्यतः कथाच. यात थोडा दोष आम्हा दिवाळी अंकवाल्यांचाही आहे. ‘नवल’, ‘धनंजय’ यांनी या प्रकाराला घर दिले हे उपकारच. पण दहा-बारा पानांच्या खोलीत एक चमत्कार मावतो, एक जग मावत नाही. शिवाय लिहिणारे बहुतेक प्रयोगशाळेतून आलेले, शहरात राहणारे. मुंबईत बर्फ पडला तर काय, हे नारळीकरांनी ‘हिमप्रलय’मध्ये लिहिले. मराठवाड्यात पाऊस पडायचाच थांबला तर काय, यावर कादंबरी माझ्या वाचनात नाही. ऊस तोडणारे यंत्र आता फडात उतरले आहे. ते सगळीकडे पोहोचल्यावर कोयत्याचे काय होईल, यावरही नाही.

या विषयांना दुर्बीण लागत नाही, थर्मलच्या पाळीवर काम केलेला माणूस किंवा कोयत्यावर वाढलेली आणि आता भौतिकशास्त्र शिकणारी मुलगी पुरे. संपादकांना एवढेच सांगणे आहे, की पुढच्या अंकात एका विज्ञान कादंबरीला शंभर पाने द्या आणि ती मागणारे पत्र परळी-अंबाजोगाईकडे पाठवा.