लोणारचे हिरवे पाणी आणि शेवाळाचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावाच्या कडेला जमीन अचानक संपते आणि खाली सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे गोल विवर दिसते. त्याच्या तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर आहे. हे पाणी पावसाळ्यात थोडे निवळते, उन्हाळ्यात दाट होते. पण त्याचा हिरवा रंग सहसा जात नाही. घरच्या पोहण्याच्या टाकीत किंवा शेततळ्यात शेवाळ धरले की आपण ब्लीचिंग पावडर, मोरचूद, ब्रश घेऊन त्याच्या मागे लागतो. लोणारात हे सगळे उपाय निष्प्रभ ठरले असते. ते का, हे समजून घेतले की घरच्या टाकीतले शेवाळ कशाने हटते तेही कळते. दोन्हीकडे हिशेब एकच आहे: पाण्यात आत काय येते, आणि आत आलेले बाहेर जाते की तिथेच साठते.

बाहेर वाट नसलेले तळे

लोणारची नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे दीडशे वर्षे हे ज्वालामुखीचे तोंड आहे की उल्कापाताची खूण, यावर वाद चालला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडल्याचे जाहीर झाले. प्रचंड आघाताच्या दाबाखाली फेल्डस्पार या खनिजाची जी काच होते, ती ही. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. त्यामुळे वाद मिटला. विवराच्या वयाबाबत मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

शेवाळाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे विवर दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात खोदले गेले आहे आणि त्याला बाहेर जाणारा एकही ओढा नाही. ईशान्येच्या कड्यावरून ‘धार’ बारमाही वाहते. सीता न्हाणी, रामगया इथले झरे आहेत, पावसाळ्यात उतारावरून लोंढे येतात. हे सगळे पाणी सरोवरात येते आणि मुख्यतः वाफ होऊनच जाते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन काळ्या पाषाणातून झिरपताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून आणते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेट होऊन तळाला बसतात. मागे उरतात सोडियमची कार्बोनेटे, बायकार्बोनेटे आणि साधे मीठ. हजारो वर्षे हीच आटवण चालू राहिल्याने सरोवराचा सामू १० च्या आसपास पोचला आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. आणि सामूतला प्रत्येक अंक दहापटीचा फरक दाखवतो.

उन्हाळ्यात काठावरून चालले की हे रसायन पायाखाली दिसते. पाणी मागे हटलेल्या चिखलावर पांढरी खरखरीत साय धरलेली असते. चिखलात काठी खुपसली की बुडबुडे येतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. वारा ज्या दिशेला वाहतो त्या काठाला हिरवा तवंग जाड होऊन साचतो. एकोणिसाव्या शतकात याच काठावरून खार गोळा करून विकला जाई. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रकारांची नावे जुन्या नोंदींत आढळतात. काचेच्या आणि साबणाच्या कामाला तो उपयोगी पडे.

गावच्या कथेत हेच खारेपण लवणासुराच्या रूपाने येते. विष्णूने दैत्यसूदनाचा अवतार घेऊन त्याला मारले, असे सांगतात. लोणार गावातले दैत्यसूदन मंदिर त्याच कथेशी जोडलेले आहे. सरोवराच्या काठी कमळजा देवीचे मंदिर आहे. जवळच ‘सासू-सुनेची विहीर’ दाखवतात. एकाच विहिरीत एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे, अशी तिची ख्याती आहे. गोड झरे आणि खारे सरोवर इथे हाताच्या अंतरावर भेटतात, एवढे मात्र खरे.

हिरवा रंग कोणाचा?

सरोवराच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हिरवट धाग्यांच्या लहान लहान गुंडाळ्या दिसतात. हे आर्थ्रोस्पायरा, म्हणजे बाजारात ‘स्पिरुलिना’ नावाने विकला जाणारा जीव. त्याला आपण निळे-हिरवे शेवाळ म्हणत असलो तरी तो सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंच्या गटात मोडतो; त्याच्या पेशीत केंद्रक नसते. धाग्यांमध्ये हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या बळावर तो वर तरंगतो आणि ऊन मिळवतो.

अशा जिवाला वाढायला ऊन, कर्ब आणि खत लागते. लोणारात ऊन भरपूर. कर्बाची तर चंगळच आहे. साध्या तळ्यात शेवाळाला विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडची वाट पाहावी लागते, इथे बायकार्बोनेटचा साठा संपत नाही आणि आर्थ्रोस्पायरा तो थेट वापरतो. शिवाय एवढ्या अल्कधर्मी पाण्यात बहुतेक प्रतिस्पर्धी टिकत नाहीत. सोड्याची अशी सरोवरे म्हणूनच पृथ्वीवरच्या सर्वाधिक उत्पादक पाणवठ्यांत गणली जातात. पूर्व आफ्रिकेतल्या नाकुरू, बोगोरिया या सरोवरांत छोटे रोहित पक्षी याच जिवावर जगतात. चाड सरोवराच्या परिसरात कानेंबू स्त्रिया तो कापडातून गाळून, उन्हात वाळवून ‘दिहे’ नावाच्या वड्या करतात. मेक्सिकोच्या टेक्सकोको सरोवरातून अॅझ्टेक लोकही तो काढून खात असत. वाळल्यावर त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. पण लोणारचा तवंग कोणी चाखू नये. नैसर्गिक पाण्यात इतर विषारी सायनोबॅक्टेरियाही असू शकतात, आणि इथे सांडपाण्याचा प्रश्न आहे.

राहिले खत. आर्थ्रोस्पायराला हवेतला नायट्रोजन बांधता येत नाही. तो पाण्यातूनच मिळावा लागतो. गावाचे सांडपाणी, पूर्वी विवराच्या पोटात होत असलेल्या शेतीतले खत, धुण्याच्या साबणातले फॉस्फेट हे सगळे उताराने सरोवरात येते आणि तिथेच राहते. १९९३ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी ‘करंट सायन्स’मध्ये लोणारच्या या पोषकवाढीवर लेख लिहिला होता. सांडपाण्याचा मुद्दा पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला.

हिरव्याचे गुलाबी

जून २०२० मध्ये सरोवर काही दिवसांत गुलाबी झाले आणि जगभर त्याची छायाचित्रे फिरली. उन्हाळ्याने पाणी आटले होते, खारेपण वाढले होते. डुनालिएला या लाल पडणाऱ्या शेवाळावर आधी संशय घेतला गेला. न्यायालयाच्या सूचनेनंतर नमुन्यांची तपासणी झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात हॅलोआर्किया हे मीठप्रिय सूक्ष्मजीव आढळले. त्यांच्या पेशींत गुलाबी रंगद्रव्य असते.

या तपासणीतली एक गोष्ट टाकीवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. गुलाबी पाण्याचा नमुना काही काळ न हलवता ठेवला, तेव्हा सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी पारदर्शक झाले. रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, पाण्यात तरंगणाऱ्या जिवांचा होता. पावसाने खारेपण उतरल्यावर सरोवरानेही गुलाबी रंग सोडला. म्हणजे तळ्याचा रंग पाण्याच्या रसायनावर ठरतो. रसायन बदलले की त्यात तग धरणारे जीव बदलतात आणि रंग त्यांच्याबरोबर बदलतो.

लोणारात क्लोरिन का चालले नसते?

आता हाच नियम घरच्या टाकीला लावू. पाण्यात टाकलेले क्लोरिन दोन रूपांत राहते. हायपोक्लोरस आम्ल हे शेवाळ आणि जंतू मारणारे तिखट रूप. हायपोक्लोराइट हे त्याचे सुस्त रूप. दोघांचे प्रमाण सामू ठरवतो. सामू ७.५ असताना दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे. सामू ८ झाला की कामाचे रूप पाव हिश्शावर येते. लोणारच्या १० सामूला ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी उरते. मोरचुदाचीही तीच गत. अमेरिकेच्या कृषी खात्यातील मूर आणि केलरमन यांनी १९०४ मध्ये जलाशयांतल्या शेवाळावर मोरचुदाचा उपाय मांडला आणि तो जगभर पसरला. पण कार्बोनेटाने भरलेल्या पाण्यात मोरचुदातल्या तांब्याचे कार्बोनेट होऊन ते गाळात जाते.

‘क्लोरिन टाकतो, तरी आठ दिवसांत पुन्हा हिरवे’ ही तक्रार बहुतेक वेळा सामूचीच असते. बुलढाण्यात पोहण्याची टाकी भरते ती बहुधा बोअरच्या पाण्याने. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या भूजलात क्षार मुळातच जास्त. उन्हाळ्यात टाकीचे पाणी उडते, आपण बोअरचे पाणी भरत राहतो आणि क्षार मागे साठत जातात. त्यात शेवाळ स्वतः दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषून सामू आणखी वर नेते. मोठ्या सरोवरात हजारो वर्षांत घडले त्याची छोटी आवृत्ती एका उन्हाळ्यात आपल्या अंगणात तयार होते.

टाकी साफ करण्याचा क्रम

पहिले काम मोजणीचे. सामू मोजण्याच्या पट्ट्या किंवा थेंबांचे किट स्वस्त मिळते. सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान येईपर्यंत पोहण्याच्या टाकीसाठी विकले जाणारे आम्ल थोडे थोडे टाकावे. आम्ल पाण्यात सोडावे, आम्लात पाणी कधीही नाही.

दुसरे, भिंती आणि तळ घासणे. जुने शेवाळ बुळबुळीत थराखाली सुरक्षित असते. थर फोडल्याशिवाय क्लोरिन आत शिरत नाही. कोपरे, शिडीच्या मागची जागा आणि फरशीच्या सांध्यांत ते चिवटपणे टिकते.

तिसरे, क्लोरिनचा एकच मोठा डोस. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल टाकीत ४८ हजार लिटर पाणी मावते. दर लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरिन द्यायचे तर ४८० ग्रॅम लागते. ताज्या ब्लीचिंग पावडरीत क्लोरिन साधारण एक तृतीयांश धरले, तर पावडर सुमारे दीड किलो होते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत सोडावे. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. विषारी वायू सुटतो. हे काम सूर्य मावळल्यावर करावे, कारण उघड्या पाण्यातले क्लोरिन ऊन काही तासांत खाऊन टाकते. उघड्या पोत्यातली जुनी पावडर उष्णतेने आणि दमटपणाने निर्जीव होते, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

चौथे, गाळणी रात्रंदिवस चालवणे. मेलेले शेवाळ पांढरट गढूळपणा धरते. ते बाहेर काढले नाही, तर कुजून पुढच्या शेवाळाचे खत होते. उरलेला गढूळपणा गाळणी थांबवून, पाणी शांत ठेवून तुरटीने तळाला बसवता येतो. तो गाळ नळीने ओढून थेट टाकीबाहेर सोडावा. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी. क्लोरिन दर लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली आल्याशिवाय कोणी पोहू नये.

पाचवे काम सहसा विसरले जाते: थोडे पाणी बदलणे. टीसीसीए या क्लोरिनच्या गोळ्यांबरोबर सायन्युरिक आम्लही टाकीत येते. थोडे असले तर ते क्लोरिनला उन्हापासून वाचवते. पण ते सहजी संपत नाही, साठत राहते आणि क्लोरिनला मंद करते. त्यावर व्यवहारात एकच औषध आहे, टाकीचा काही भाग रिकामा करून ताजे पाणी भरणे. लोणारला जी बाहेर जाणारी वाट नाही, ती टाकीला आपण द्यायची असते.

शेततळ्याला हा क्रम जसाच्या तसा लावू नये. तिथे मासे असतील तर क्लोरिन आणि मोरचूद दोन्ही घातक. तिथे शेडनेटने ऊन कमी करणे, शेण-खताचे पाणी आत न येऊ देणे आणि सिल्व्हर कार्पसारखे सूक्ष्म शेवाळ खाणारे मासे सोडणे हे मार्ग आहेत. ठिबकचे पाणी तळ्यातून घेत असाल तर वाळूची आणि जाळीची अशा दोन्ही गाळण्या हव्यात, नाहीतर शेवाळ ड्रिपरची तोंडे बुजवते.

साफ करायचे कोणते, जपायचे कोणते

लोणारला १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा आणि २००० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर यादीत गेले. नांदूर मधमेश्वरनंतरचे महाराष्ट्राचे हे दुसरे रामसर स्थळ. सरोवराच्या पाण्यातून विज्ञानाला नवे जिवाणूही मिळाले आहेत, त्यांपैकी एकाच्या ‘इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस’ या नावातच भारत आणि अल्कधर्मी पाणी दोन्ही आहेत. या सरोवराचा हिरवेपणा हा रोग नाही, ती त्याची प्रकृती आहे. रोग आहे तो वरून येणारे सांडपाणी. त्याने खत वाढते, गोडे पाणी वाढते आणि सोड्याच्या पाण्यातच जगणारे जीव मागे सरतात.

तेव्हा टाकी साफ करताना सामू आधी पाहा आणि पावडर नंतर उघडा. आणि लोणारला जाल तेव्हा धारेच्या पाण्यात साबण लावू नका, विवराच्या उतारावर काही टाकू नका. तिथे आत गेलेल्या गोष्टीला बाहेर यायला वाट नाही.