फवारणी पंपाच्या प्लगचे आटे गेले? सिलिंडर बदलण्याआधी हे पाहा

मागच्या कपाशी हंगामात छावणीच्या गुरुवारच्या बाजारात ओळखीचे एक शेतकरी भेटले. या बाजारात लोक जनावरे घ्यायला-विकायला येतात. यांच्या पिशवीत मात्र पेट्रोलवरच्या पाठीवरच्या फवारणी पंपाचे इंजिन होते. प्लग आवळला जात नव्हता, नुसता गोल फिरत होता. सिलिंडरच बदलावे लागेल आणि तो यायला आठ दिवस लागतील, असे त्यांना दुकानात सांगितले होते. इकडे कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री ८ च्या वर पतंग सापडले होते. म्हणजे गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली होती आणि फवारणी आठ दिवस लांबवणे परवडणारे नव्हते. शेवटी नगर नाक्याकडच्या एका लेथवाल्याने ते काम एका दुपारी करून दिले.

माझे शिक्षण पिकांचे, यंत्रांचे नाही. पण फवारणीची वेळ औषधामुळे जितकी चुकते, तितकीच ती पंप बंद पडल्यामुळे चुकते, हे दरवर्षी दिसते. म्हणून हा विषय.

आटे का जातात?

पंप, ब्रश कटर, पॉवर वीडर यांच्या छोट्या इंजिनांचे सिलिंडर किंवा हेड ॲल्युमिनियमचे असते. प्लगचे आटे लोखंडी, म्हणजे त्याहून कठीण. दोन्हींची झटापट झाली की हार ॲल्युमिनियमचीच होते. टू-स्ट्रोक पंपात हेड आणि सिलिंडर बहुधा एकाच ओतकामात असतात, म्हणून दुकानदार थेट सिलिंडर बदला म्हणतो.

बहुतेक वेळा कारण आपल्याच हातात असते. इंजिन बंद पडले की आपण शेतातच, तापलेल्या अवस्थेत प्लग काढतो. गरम ॲल्युमिनियम आणखी मऊ असते. प्लग निघताना आट्यांचे तुकडे घेऊनच निघतो. दुसरी चूक म्हणजे प्लग तिरका लागलेला असताना पान्याने जोर देणे. तिसरी चूक सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे चुकीच्या लांबीचा प्लग. १४ मि.मी. जाडीचा प्लग ९.५ मि.मी. आणि १९ मि.मी. अशा दोन्ही लांबीत मिळतो. लांब आट्यांच्या हेडमध्ये आखूड प्लग लावला की खालच्या आट्यांत काजळी भरते, आणि पुढे योग्य प्लग लावताना तिथेच तो अडकतो. उलट केले तर प्लग पिस्टनवर आदळतो.

एम-सील लावू नका

प्लगला टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा एम-सील भरून पंप चालवलेले मी पाहिले आहेत. एखादी टाकी निघते, नाही असे नाही. पण प्लगची उष्णता आट्यांतून आणि बैठकीतून सिलिंडरकडे जात असते, आणि ठिणगीचा अर्थही तिथूनच मिळतो. मध्ये टेप किंवा लांबी आली की दोन्ही बिघडते. प्लग जास्त तापतो, वेळेआधी पेट घेतो आणि पिस्टनला भोक पडू शकते. कधी दाबाने प्लगच उडतो. पंप पाठीवर असतो, हे विसरू नये.

दुरुस्ती कशी होते?

फक्त वरचे एक-दोन आटे दबले असतील तर त्याच मापाचा टॅप हलक्या हाताने फिरवून ते सरळ होतात. आटे पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल बसवावी. ही स्टेनलेस स्टीलच्या तारेची गुंडाळी असते. भोक थोडे मोठे करून त्यात हेलिकॉइलच्याच खास टॅपने नवे आटे पाडतात आणि गुंडाळी त्यात बसवतात. तिच्या आतले आटे मूळ मापाचेच राहतात, त्यामुळे प्लग तोच चालतो. विमानांच्या इंजिनातही ही पद्धत वापरतात, म्हणून तिला जुगाड समजू नये. गुंडाळी वरच्या पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेरा खाली बसली पाहिजे, नाहीतर प्लगचा वॉशर टेकत नाही आणि दाब गळतो. खालची आडवी टांग तोडून चिमट्याने बाहेर काढली का, हे विचारून घ्यावे.

भोक फारच खराब झाले असेल तर लेथवर कॉलरचे बुश करून बसवतात. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. पितळ त्याच्या बरेच जवळ आहे. म्हणून लोखंडी बुशापेक्षा पितळी बुश ढिले पडण्याची शक्यता कमी. कॉलर मात्र खाच करून सपाट बसवलेली हवी. ती वर राहिली तर प्लग तेवढाच वर राहतो.

सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरच्या ६ मि.मी. बोल्टलाही हेच लागू. तिथे ड्रिल ६.३ मि.मी.चे लागते. अंदाजाने ७ चे ड्रिल मारले की गुंडाळी धरत नाही, आणि थेट ८ मि.मी.चा बोल्ट टाकायला गेले तर भिंत पातळ होऊन तडकते.

सगळ्यात मोठा धोका कीस आत जाण्याचा. टू-स्ट्रोक इंजिनात तो पोर्टमधून थेट क्रँककेसमध्ये उतरतो आणि बेअरिंग खातो. सिलिंडर मोजक्या बोल्टवर असतो. तो उतरवूनच काम करून घ्यावे. उतरवणे शक्यच नसेल तर पिस्टन इतका वर ठेवावा की पोर्ट झाकले जातील पण टॅप त्याला लागणार नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरावे, थोडे फिरवून बाहेर काढून पुसावे. जो कारागीर हे न विचारता सरळ ड्रिल लावतो, त्याच्याकडून इंजिन परत घ्यावे.

प्लग लावताना

इंजिन हाताला थंड लागल्यावरच प्लग काढावा. लावताना प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून हातानेच फिरवावा. तिरका गेला तर नळी घसरते, आटे वाचतात. आधी किंचित उलटा फिरवला की आटा जागेवर पडल्याचे बोटांना कळते. हाताने पूर्ण टेकल्यावरच पाना लावावा. १४ मि.मी.चा वॉशरवाला नवा प्लग असेल तर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशर आधीच दबलेला असेल तर घड्याळाचा काटा १२ वरून १ वर जाईल इतकेच. आट्यांना ग्रीस लावण्याची सवय सोडावी. पाना हलका फिरतो आणि नकळत जास्त आवळले जाते. अवजारे बँक चालवणाऱ्या गटांनी आणि कृषी सहायकांनी हा भाग प्रात्यक्षिकात घ्यावा, कारण भाड्याच्या पंपाचा प्लग दर आठवड्याला वेगळ्या हाताने आवळला जातो.

बाजारातून जुना पंप घेताना आधी थंड इंजिनाचा प्लग काढून पाहावा. पाना सैल केल्यावर तो हाताने मोकळा फिरला पाहिजे, ९.५ मि.मी.चा प्लग साधारण ७ फेऱ्यांत, १९ मि.मी.चा साधारण १५ फेऱ्यांत निघतो. दोन-तीन फेऱ्यांतच हातात आला तर आटे गेलेले आहेत. परत लावून बुडाशी साबणाचे पाणी सोडावे आणि स्टार्टरची दोरी ओढावी. बुडबुडे आले तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून मागावा.