प्रतिनिधित्वाचे गणित (लेखांक सहावा) : मताचे मोल आणि मुलखाची धास्ती

गेल्या आठवड्यात आपण परिसीमन आयोगांची हकीकत पाहिली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेतील राज्यवार जागांचा आकडा १९७१ च्या खानेसुमारीशी जखडून टाकला आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत लांबवली, हे तेथे आलेच होते. आता त्या जखडण्याचा हिशेब पाहावयाचा आहे.

२०११ च्या गणनेप्रमाणे केरळात सुमारे १६ लक्ष ७० हजार माणसांमागे लोकसभेचा एक सदस्य आहे. राजस्थानात तोच एक सदस्य सुमारे २७ लक्ष ४० हजारांमागे. आमचे छत्तीसगड ११ जागा घेऊन आणि महाराष्ट्र ४८ जागा घेऊन या दोहोंच्या मध्ये, जवळजवळ एकाच पायरीवर, म्हणजे २३ लक्षांच्या थोडे वर उभे आहेत. तेव्हा भंडाऱ्याहून कारखान्याच्या नोकरीसाठी भिलाईस आलेल्या कुटुंबाने राज्य बदलले, तरी त्याच्या मताचे मोल फारसे बदलले नाही. परंतु एकाच प्रजासत्ताकात एका नागरिकाचे मत दुसऱ्याच्या दीडपटीहून अधिक वजनाचे असावे, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

मग जागा नव्याने वाटल्यास आपला वाटा घटेल, ही दक्षिणेची तक्रार खोटी आहे काय? मुळीच नाही. ज्यांनी कुटुंबनियोजनाचे राष्ट्रीय धोरण निष्ठेने पाळले त्यांचाच आवाज क्षीण व्हावा, ही धास्ती खरी आहे, आणि मराठी वाचकास ती परकी नसावी. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ सदस्यांच्या विधानसभेत हिंदी आणि मराठी मुलूख एकत्र नांदत असता, आणि नागपुरात भरणाऱ्या त्या सभेच्या अध्यक्षपदी १९३७ पासून आमच्या दुर्गचेच घनश्यामसिंह गुप्त असता, आपला भाग संख्याबळाखाली दबेल ही भीती दोन्ही बाजूंस होती. पुढे संयुक्त महाराष्ट्राची मसलत सुरू झाली तेव्हा तीच भीती विदर्भाच्या मनात उभी राहिली. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात तिच्यावर जो तोडगा निघाला, तो आज पुन्हा वाचण्याजोगा आहे. विदर्भाच्या मतदाराचे मत दीडपट धरावे, असे तेथे कोणी म्हटले नाही. विकासाचा खर्च व सरकारी नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात मिळाव्यात, मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरावे, असे ठरले. मत सारखे आणि संरक्षण वेगळे, असे ते दोन हिशेब होते. संविधानाच्या ३७१ व्या कलमातील विकास मंडळांची तरतूद याच वाटेवरची. ती मंडळे १९९४ साली स्थापन झाली आणि २०२० साली त्यांची मुदत संपू दिली गेली, याचे मला मनापासून दुःख आहे. संरक्षण कागदावर ठेवून संपू द्यावयाचे असेल, तर लहान मुलखाने मोठ्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा?

माझे मत असे की, लोकसभेच्या जागा माणसे मोजूनच वाटाव्यात आणि राज्यांच्या धास्तीस राज्यसभेत स्थान द्यावे. तेथे जागा लोकसंख्येच्याच कलाने वाटलेल्या असल्याने लहान राज्यास आज खरा आधार नाही. तसे संरक्षण नसले म्हणजे बिनचूक गणितानेही काय होते, हे छत्तीसगडने पाहिले आहे : २००८ च्या पुनर्रचनेत विधानसभेच्या ९० जागा कायम राहिल्या, परंतु अनुसूचित जमातींच्या राखीव जागा ३४ वरून २९ वर आल्या.

त्याच पुनर्रचनेत वैशालीनगर मतदारसंघ जन्मास आला, ज्यात आमचा भिलाईतील कोहका येतो. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी येथे मतदानाच्या रांगेत उभा असता पुढच्या तरुणाने आपली चिठ्ठी दाखवून मला विचारले, "काका, माझा भाग क्रमांक हाच ना?" तो हाच होता, पण त्याच्या शेजारच्या खोलीतील तिघे भाडेकरू आलेच नव्हते, "आमचे नाव गावी आहे" असे सांगून ते कामावर गेले होते. कारखान्याच्या सेक्टरांबाहेरच्या या वस्तीत असे भाडेकरू घरोघर आहेत.

जागा माणसे मोजून वाटावयाच्या, तर मोजणीतून कोणी सुटता कामा नये. येत्या खानेसुमारीचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. खानेसुमारी मतदारयादीहून निराळी असते. माणूस नेहमी जेथे राहतो तेथेच त्याची नोंद व्हावयाची असते. कोहक्यातील, सुपेल्यातील आणि जुनवानीतील भाडेकरू बंधूभगिनींनो, प्रगणक दाराशी आला म्हणजे "आमचे गावी आहे" म्हणून त्यास परत पाठवू नका. घरातील प्रत्येक माणसाची नोंद येथेच करवून घ्या.